वऱ्हाडला कोणी विचारले?



नगरजवळच्या शहा डोंगरावरील इमारतीला आपण चांदबिबीचा महाल म्हणतो. खरे तर ती सलाबतखानाची कबर आहे. चांदबिबीची खरी आठवण भुईकोट किल्ल्याच्या तटाला आहे. तो तट पाहिला की एक प्रश्न मनात येतो. बलाढ्य सत्ता दाराशी आली, तर लहान राज्याने काय करावे?

१५९५ साली मोगल फौज नगरला आली, ती आपल्याच माणसाच्या बोलावण्यावरून. गादीच्या भांडणात निजामशाहीचा वजीर मियाँ मंजू याने अकबराचा मुलगा मुराद याची मदत मागितली. पुढे त्याला पश्चात्ताप झाला, पण आलेला पाहुणा परत जाईना! किल्ला लढवला तो चांदबिबीने. सुरुंगाने तट फुटला तेव्हा ती स्वतः खिंडारापाशी उभी राहिली आणि रातोरात तट बांधून घेतला. १५९६ मध्ये तह झाला. वऱ्हाड प्रांत मोगलांना गेला, नगर वाचले.

१६०० मध्ये पुन्हा वेढा पडला. आता निभाव लागणार नाही हे ओळखून ती बोलणी करू पाहत होती. तिच्याच लोकांनी तिला फितूर ठरवून ठार मारले. थोड्याच दिवसांत किल्ला पडला.

दहा हजार सैन्याच्या राजाने वीस हजारांवर चालून जाण्याआधी विचार करावा, नाहीतर वकील पाठवून सलोखा मागावा, असा दाखला प्रभू येशूने दिला आहे (लूक १४). तेव्हा बोलणी करणे म्हणजे भ्याडपणा नव्हे. चांदबिबीला फितूर म्हणणाऱ्यांनी किल्लाही गमावला आणि तिलाही.

तरीही एक टोचणी उरते. वऱ्हाडच्या रयतेला कोणी विचारले होते का? १९४० मध्ये फिनलंडनेही बलाढ्य सोव्हिएत संघाला मुलूख देऊन तह केला. पण तिथल्या सुमारे ४ लाख लोकांना देशाने आपल्यात सामावून घेतले, कसायला जमिनी दिल्या. मुलूख गेला, माणसे सोडली नाहीत. आम्हांला वाटते, फरक इथेच आहे.

आपणही गावात, भावकीत, नोकरीत मोठ्यांपुढे नमते घेतो. कधीकधी ते शहाणपणाचेच असते. मात्र तडजोड करताना आपण स्वतःचे देतो, की गैरहजर असलेल्या दुबळ्याचे? या आठवड्यात प्रत्येकाने हे स्वतःला विचारून पाहू या.