सेवा आणि आप्तपणा

वृद्ध आईबापांची शुश्रूषा पोटच्या मुलांनींच करावी, तें काम वेतन देऊन परक्याकडून करवून घेणें हा एक प्रकारचा कमीपणा होय, अशी समजूत आमच्या मध्यमवर्गांत खोल रुजलेली आहे. तिच्या मुळाशीं एक गृहीत गोष्ट आहे. ती ही कीं, खरी सेवा नात्यांतून उत्पन्न होते. जेथें नातें नाहीं तेथें जें होतें तें केवळ काम. हें गृहीत कितपत खरें आहे, याचा विचार आम्हांस येथें कर्तव्य आहे.

प्रश्न केवळ तात्त्विक नाहीं. पालघरच्या पश्चिमेस समुद्रकांठीं वसलेल्या शिरगांवासारखें गांव घ्या. २०१३ सालीं मुंबईची लोकल गाडी डहाणूपर्यंत धावूं लागली. बोईसर-तारापुराकडे कारखाने व अणुवीजकेंद्र आहेच. या टापूंतील पुष्कळ कर्तीं माणसें पहांटे घर सोडतात, तीं दिवेलागणीनंतर परततात. मधला सारा दिवस अंथरुणास खिळलेल्या म्हाताऱ्या जिवाजवळ कोणीं बसावें? २००७ च्या कायद्यानें आईबापांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर घातली आहे. पण निर्वाहाची रक्कम ठरवितां येते; कूस बदलून देणारा हात कोणत्याही कायद्यास निर्माण करतां येत नाहीं. मग एखादी ‘मावशी’ ठेवली जाते. तिला हांक नात्याची मारावयाची आणि वागणूक परकेपणाची द्यावयाची, असा आमचा शिरस्ता आहे. महिनाअखेर पगार चुकता झाला कीं देणें फिटलें असें आपण समजतों.

या समजुतीस जबर धक्का देणारें उदाहरण आमच्या मुंबईंतच घडलें आहे. हळदीपूरहून आलेली अरुणा शानभाग ही २५ वर्षांची परिचारिका के. ई. एम. रुग्णालयांत नोकरीस होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं तेथील एका सफाई कामगारानें तिच्यावर पाशवी हल्ला केला. मेंदूस रक्त पोंचेनासें झालें, आणि तिची वाचा, दृष्टि व भान हीं जवळजवळ नाहींशीं झालीं. त्यानंतर १८ मे २०१५ रोजीं, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, ती न्युमोनियानें वारली. म्हणजे तिचें तारुण्य, तिची प्रौढावस्था व तिचा वार्धक्याचा आरंभ हीं सर्व एका खाटेवर गेलीं. आणि त्या ४१ वर्षांहून अधिक काळांत तिला न्हाऊंमाखूं घालणें, अन्न कुसकरून भरविणें, मलमूत्र काढणें हें परिचारिकांनीं केलें. इतक्या वर्षांत तिच्या अंगास एकही शय्याव्रण झाला नाहीं. ज्यांनीं घरीं पंधरा दिवस तरी पडून राहिलेलें माणूस सांभाळलें आहे, त्यांस या एका वाक्याची किंमत सांगावयास नको. तिला मासळी आवडते हेंही त्यांच्या ध्यानांत आलेलें होतें.

कोणी म्हणेल, ती त्यांचीच सहकारी होती, म्हणून हें घडलें. आरंभीं तसें असेलही. परंतु जिनें तिला कधीं चालतांबोलतां पाहिलें होतें, अशी प्रत्येक परिचारिका यथाकाल निवृत्त झाली. पुढें आलेल्या मुलींपैकीं कित्येकींचा १९७३ सालीं जन्मही झालेला नव्हता. दुसरा म्हणेल, त्यांस पगार मिळत होता. मिळत होता खरा. पण पगारानें तास विकत घेतां येतात, लक्ष घेतां येत नाहीं. शिवाय खाट मोकळी करण्यासाठीं तिला दुसरीकडे हलविण्याचा बेत महापालिकेनें केला, तेव्हां परिचारिकांनींच विरोध करून तो हाणून पाडला. नुसत्या पगाराचा हिशेब असता, तर एक ओझें कमी झालें म्हणून त्यांनीं सुस्काराच टाकला असता.

याच सेवेची एक अवघड बाजूही आहे. अशा जगण्यांत प्रतिष्ठा ती कोणती, असा प्रश्न करून लेखिका पिंकी विराणी यांनीं सर्वोच्च न्यायालयाकडे अरुणेस मरूं देण्याची परवानगी मागितली. ती मागणी निर्दयतेची नव्हती, करुणेचीच होती. सेवा करणारास सेवेची इतकी संवय जडते कीं, रोग्याचें सुख कोणतें आणि आपलें समाधान कोणतें हें त्यास वेगळें दिसत नाहीं, ही शंका अगदींच निराधार नाहीं. ७ मार्च २०११ रोजीं न्यायालयानें ती मागणी अमान्य केली. मात्र तसें करतांना त्यानें विराणी यांच्या सामाजिक कळकळीचा गौरवच केला, आणि तिच्या वतीनें बोलण्याचा अधिकार रुग्णालयाच्या सेवकवर्गाचा आहे, असा निर्णय दिला. तरीही अशा बाबतींत शेवटचा शब्द आप्तांचा वा वैद्यांचा न ठेवतां उच्च न्यायालयाची संमति आवश्यक ठरविली. आमच्या मतें या दोन्ही गोष्टी योग्य होत. ज्याचे हात मळले त्याचा शब्द आधीं ऐकावा. पण प्रेमासही एखादा साक्षी असावा.

यावरून आम्ही असें म्हणतों कीं, नात्यांतून सेवा निर्माण होते हें अर्धेंच सत्य आहे. सेवेंतून नातें निर्माण होतें हें दुसरें अर्धें. रक्ताचें नातें हा सेवेचा हक्काचा आरंभ आहे, तिचा मक्ता नव्हे. जो मुलगा आईचें दुखणें केवळ मनिऑर्डरीनें सोसतो, त्याचें नातें कागदावर राहतें; जी परकी बाई त्या माउलीची रात्रींची कण्हण ओळखते, तिचें नातें तिच्याही नकळत जुळून गेलेलें असतें.

परंतु येथें एक सावधगिरी हवी. अशा बाईस ‘देवी’ म्हणून मोकळें होणें फार स्वस्त पडतें. देवीस पगार लागत नाहीं, सुटी लागत नाहीं, तिची पाठ दुखत नाहीं. भक्तीची स्तुति करून श्रमाचें मोल बुडविणें हें पाप आमच्या सुशिक्षित घरांतूनही घडतें. वाचकहो, आपल्या घरीं एखाद्या वृद्धाची उशाशीं बसून काळजी वाहणारी बाई असेल, तर तिला पुरतें वेतन द्या, आठवड्याची सुटी द्या, आणि त्या सुटीच्या दिवशीं तिच्या जागीं स्वतः बसा. मावशी या शब्दाचा अर्थ त्या एका दिवसांत जितका कळेल, तितका आमच्या दहा निबंधांनीं कळावयाचा नाहीं.