ते शंभर रुपये कोणाचे?

कसिनोत फसवणूक होते, असे आपण सहज म्हणतो. खरे तर तेथे फसवणुकीची गरजच नसते. रूलेटच्या युरोपीय चाकावर ० ते ३६ असे ३७ आकडे असतात. समजा, प्रत्येक आकड्यावर आपण शंभर रुपये लावले. एकूण ३७०० रुपये झाले. एक आकडा नक्की लागेल, पण मूळ शंभर धरून हाती येतील ३६०० रुपये. उरलेले शंभर मालकाचे, दर फेरीला.

१९१३ साली माँटे कार्लो येथे गोळी लागोपाठ २६ वेळा काळ्या घरात पडली. 'आता तरी लाल येईल' म्हणत लोक पैसे लावत गेले आणि बुडाले. मागे काय झाले ते चाकाला ठाऊक नसते.

मग कोणी फसवलेच नाही, तर दोष कोणाचा? ख्रिस्तसभेची धर्मशिकवण अशा खेळाला मुळातच पाप म्हणत नाही. मात्र स्वतःच्या किंवा इतरांच्या गरजेचा पैसा त्यात गेला, तर ते अनैतिक ठरते, असे ती सांगते. लावलेली नोट मुलाच्या फीची की आईच्या औषधाची, हे चाक विचारणार नाही. खिशात हात घालण्यापूर्वी ते आपणच स्वतःला विचारायला हवे.