थोडं अडायला हवं

लालबागच्या आमच्या खोलीत टेबलावर माझं विमान असतं, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटरची जॉयस्टिक. हल्ली ती हलकं ढकललं तर हलायचीच नाही, जोर वाढवला की एकदम उडी मारायची. थांबलेल्या वस्तूचं घर्षण चालत्या वस्तूपेक्षा जास्त असतं, त्याचा हा परिणाम. लँडिंग दरवेळी बिघडायचं.

आईच्या शिलाई मशीनचं तेल घातलं. स्टिक इतकी सैल झाली की सोडल्यावर स्प्रिंगवर थरथरत राहायची. शेवटी तेल पुसून प्लास्टिकला चालणारं दाट डॅम्पिंग ग्रीस लावलं. ते विरोध करतं, पण सारखा. जितक्या घाईने ढकलाल तितका जास्त.

एअरबसच्या दोन साइडस्टिक एकमेकींना जोडलेल्या नसतात. २००९ साली एअर फ्रान्स ४४७ कोसळताना एक वैमानिक स्टिक मागे ओढत होता, ते दुसऱ्याच्या हाताला जाणवत नव्हतं. कारणं अनेक होती, पण हे वाचून मला माझं काम आठवलं.

ऑफिसात आमचा मंत्र एकच: अडथळे काढा. एका कर्जाच्या ॲपमधून 'नक्की घ्यायचंय?' विचारणारी स्क्रीन मीच काढली. आकडे वाढले, टाळ्या मिळाल्या. मग शेजारचा दादा फोन घेऊन आला. तीन टॅपमध्ये कर्ज काढून बसला होता. रागावला नाही, एवढंच म्हणाला, "कळलंच नाही रे."

त्रास देणारं घर्षण वेगळं आणि भान देणारं वेगळं. मी दोन्ही एकाच फडक्याने पुसली होती.

सोमवारी मीटिंगमध्ये ती स्क्रीन परत आणा म्हणणार आहे. आकडे पडतील, हे माहीत आहे.