शिर बदललें, चिन्हें तींच

सतराव्या शतकांत युरोपांतील थोर पुरुषांच्या तसबिरी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापीत. परंतु नुसत्या चेहऱ्यानें कोणाचें समाधान होत नसे. शौर्यासाठीं हर्क्युलीझचें सिंहचर्म, विद्येसाठीं मिनर्व्हा देवीचें घुबड, दृढतेसाठीं स्तंभ, अशीं ग्रीक-रोमन चिन्हें भोंवतीं मांडलीं जात. हीं चिन्हें सत्य सांगतात कीं खुशामत करितात, ह्या प्रश्नाचा आम्ही येथें विचार करूं.

विल्यम फेथॉर्न ह्या इंग्रज कारागिरानें १६५८ सालीं ऑलिव्हर क्रॉमवेलचें चित्र कोरलें. चिलखत घातलेला क्रॉमवेल दोन स्तंभांमध्यें उभा आहे; पायांखालीं सर्प आहे; वर एक नौका होमरनें वर्णिलेल्या स्किला व कॅरिब्डिस ह्या दोन संकटांमधून सुखरूप चालली आहे. त्याच वर्षीं क्रॉमवेल वारला. पुढें त्याच पत्र्यावरील त्याचें मुख खरवडून तेथें तिसऱ्या विल्यम राजाचें मुख कोरण्यांत आलें. पिएर लोंबारच्या अश्वारूढ चित्राची कथा ह्याहून विलक्षण आहे. तें व्हॅन डाइकनें रंगविलेल्या पहिल्या चार्ल्सच्या चित्रावरून कोरलेलें. त्या एकाच पत्र्यावर चार्ल्स, चौदावा लुई आणि १६४९ मध्यें चार्ल्सच्या वधपत्रावर सही करणारा क्रॉमवेल, अशा तिघांचीं मस्तकें निरनिराळ्या वेळीं बसलीं. घोडा मात्र तोच राहिला!

ह्या प्रथेची बाजू घेणारा म्हणेल, चिन्ह हें वर्णन नसून उपदेश आहे. राजस्तुतीच्या मिषानें राजापुढें आदर्श ठेवतां येतो, असें इरॅस्मसनेंही प्रतिपादिलें होतें. ह्यांत तथ्य आहे. परंतु उपदेश करणाऱ्याला ऐकणाऱ्याची ओळख हवी. जें वस्त्र मारणारा व मरणारा ह्या दोघांनाही सारखेंच बसतें, तें कोणाच्याच मापाचें शिवलेलें नसतें.

तरीही चिन्हें टाकून द्यावीं, असें आम्ही म्हणत नाहीं. हर्क्युलीझनें नेमियाचा सिंह स्वतः मारून तें चर्म मिळविलें. राजाला तें कारागिरानें आयतें दिलें. आयतें मिळालेलें तें चर्म ऋण होय, आणि तें आपल्या कृतीनें फेडावें लागतें. तें फिटलें कीं नाहीं, ह्याचा हिशेब कारागीर ठेवीत नाहीं. तो पाहणाऱ्यानेंच ठेवावयाचा असतो. आपण तो ठेवला नाहीं, तर पत्र्यावर शिर कोणाचेंही बसो, त्या खुशामतींत आपलाही वाटा राहील.