दोषाचं ओझं कुठे न्यायचं?

आजचं वाचन: मत्तय 27:3-5, योहान 21:1-19

"देवाने मला क्षमा केली हे माहीत आहे, पण मीच स्वतःला माफ करू शकत नाही." युथ मीटिंगनंतर हे वाक्य मी बऱ्याचदा ऐकतो. ऐकायला नम्र वाटतं. पण ही खरंच नम्रता आहे का?

त्या एका रात्रीत येशूच्या दोन शिष्यांनी त्याला दुखावलं. यहूदाने 30 रुप्याच्या नाण्यांसाठी त्याला धरून दिलं. पेत्राने तीनदा त्याची ओळख नाकारली. दोघांनाही मागाहून पस्तावा झाला. यहूदाने तर आपलं पाप बोलून दाखवलं, पैसेही परत नेले. म्हणजे दोषाची जाणीव त्याला कमी नव्हती. फरक इतकाच, की ती घेऊन कोण कुठे गेलं. यहूदा मुख्य याजकांकडे गेला. त्यांनी हात झटकले आणि तो एकटा पडला. त्या एकटेपणातच त्याने स्वतःला संपवलं. पेत्र मात्र, किनाऱ्यावर प्रभू आहे हे कळताच, होडी लागायची वाटही न बघता पाण्यात उडी टाकून निघाला.

किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव होता. यासाठीचा मूळ ग्रीक शब्द नव्या करारात दोनदाच येतो: इथे, आणि योहान 18:18 मध्ये, जिथे पेत्र शेकत उभा होता आणि त्याने प्रभूला नाकारलं. येशू ती रात्र लपवत नाही. पण आधी तो पेत्राला जेवू घालतो. मग नकार तीन, तसे प्रश्नही तीन. आणि तिन्ही प्रश्न प्रेमाबद्दल! "असं का केलंस?" हा प्रश्न नाहीच. पेत्राला वाईट वाटतं, पण प्रत्येक उत्तरानंतर त्याला मेंढरं सांभाळायचं काम मिळतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सिस्टिम बिघडली की अलर्ट येतो, आणि तो यायलाच हवा. पण दुरुस्तीनंतरही तो वाजतच राहिला, तर पुढचा खरा अलर्ट कुणाला ऐकू येणार? दोषाची टोचणीही तशीच आहे. तिचं काम आपल्याला प्रभूकडे आणणं. तिथे पोचल्यावरही आपण स्वतःला शिक्षा देत बसलो, तर वधस्तंभावरचं काम अपुरं आहे असंच म्हणतो ना? मग न्यायाधीशाच्या खुर्चीत आपणच बसलेलो असतो.

"पण मी ज्याला दुखावलं, त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. लूक 19 मधला जक्कय बघा. आधी येशू त्याच्या घरी आला, मग जक्कयने लुबाडलेलं चौपट परत द्यायचं ठरवलं. क्षमा मिळाली म्हणून भरपाई टळत नाही. उलट, क्षमा मिळालेला माणूसच न घाबरता ती करू शकतो.

मित्रांनो, आज मनात काही टोचत असेल तर ते नाव घेऊन प्रभूला सांगा. कुणाची माफी मागायची असेल तर आजच फोन करा. आणि ओझं असह्य होत असेल तर एकटे राहू नका, विश्वासातल्या माणसाशी बोला, गरज वाटली तर डॉक्टरांकडेही जा.

प्रार्थना: प्रभू येशू, माझा दोष तुझ्यापासून दूर पळायचं कारण होऊ देऊ नकोस. तू दिलेली क्षमा स्वीकारायला आणि तू दिलेलं काम करायला मला शिकव. आमेन.