झोपेतील कृती आणि जागेपणीचा हिशेब



साठी ओलांडलेले, पाचही नमाजांचे पाबंद, उभ्या आयुष्यात कुणावर हात न उगारलेले एक गृहस्थ आहेत असे समजा. पहाटेच्या आधी ते झोपेतच ओरडतात, लाथा झाडतात आणि शेजारी झोपलेल्या पत्नीला इजा होते. जाग आल्यावर त्यांना आठवते ते एवढेच की, स्वप्नात कुणीतरी आपल्यावर चालून येत होते. असे आपल्या घरात घडले तर आपण काय म्हणू? कुणी म्हणेल, मनातला राग बाहेर पडला. कुणी बाहेरची बाधा समजून ताईत शोधू लागेल. पत्नी तर लाजेने कुणापाशी बोलणारही नाही.

वैद्यकशास्त्राचे उत्तर वेगळे आहे. स्वप्ने पडणाऱ्या निद्रेत मेंदू स्नायूंना शिथिल करून ठेवतो. म्हणूनच स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणात निश्चल असतो. काहींच्या बाबतीत हा बांध फुटतो. १९८६ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड या डॉक्टरांनी हा विकार स्वतंत्रपणे वर्णन केला. १९९६ मध्ये त्यांनी नोंदवले की, अशा २९ वयस्क पुरुषांपैकी ११ जणांना पुढे कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सनसारखा, आजार जडला. हात थरथरू लागण्याच्या कित्येक वर्षे आधी आजाराची चाहूल झोपेत लागू शकते. आजार वाढत जातो तशी झोपही अधिक विस्कटते. रात्री औषधाचा प्रभाव ओसरतो, कूस बदलणे कठीण होते, वारंवार जाग येते आणि दिवसा डोळे मिटू लागतात.

अशा माणसाला दोषी मानावे काय? येथे इस्लामची शिकवण स्पष्ट आहे. तिघांवरून लेखणी उचलली गेल्याचे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे, त्यांत जाग येईपर्यंत झोपलेला माणूस आहे. तेव्हा झोपेत हात लागला म्हणून पती गुन्हेगार ठरत नाही. त्याच्या मनातील हेतू शोधत बसणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

परंतु येथेच थांबलो तर अर्धीच गोष्ट समजली. झोपेत कूस बदलताना कुणी दुसऱ्याच्या अंगावर पडला आणि तो दगावला, तर हनफी फुकहांनी त्यास चुकून झालेल्या हत्येसारखे मानून भरपाई बंधनकारक केली आहे. मुद्दाम केल्याचे पाप नाही, पण झालेली हानी खरीच आहे. लेखणी उचलली गेल्याने पत्नीच्या अंगावरचा वळ नाहीसा होत नाही. ‘त्यांना कुठे कळत होते’ एवढे म्हणून तिला गप्प बसवणे हा न्याय नव्हे.

मग हिशेब कुणाचा? झोपेमुळे नमाज राहिली तेव्हा प्रेषितांनी (स.) सहाबांना समजावले होते की, हयगय झोपेत नसते, ती जागेपणी होते. आपल्या प्रश्नाचे उत्तर याच शिकवणीत आहे. झोपलेल्यावरून उचललेली लेखणी जागे असलेल्यांवर चालूच असते. लक्षण कळूनही डॉक्टरांकडे न जाणे, उपचार घेण्याची आज्ञा असताना केवळ ताईतावर विसंबणे, पलंगाजवळची टोकदार वस्तू न हलवणे, ही हयगय जाग्या माणसांची आहे. काही काळ वेगळ्या अंथरुणावर झोपावे लागले तर त्यात नात्याचा अपमान नाही. आणि रुग्ण पतीनेही जागेपणी पत्नीची विचारपूस करून स्वतःहून उपचारास निघावे. ते त्याच्या हातात आहे.

कंपवात थांबवणारे औषध अद्याप सापडलेले नाही. त्रास कमी करणारे मात्र आहेत. म्हणजे वाट लांबची आहे. या वाटेवर मुलांनी सूरह बनी इस्राईलची ती आज्ञा आठवावी, जी वृद्ध आई-वडिलांपुढे ‘उफ’ही उच्चारू देत नाही. दिवसा डुलकी घेणाऱ्या अब्बांना आळशी म्हणणे हे त्या ‘उफ’हून जड आहे. आणि रात्र-रात्र जागणाऱ्या अम्मीच्या शरीराचाही हक्क आहे. मुलांनी पाळी वाटून घेतली, तर तिलाही झोप मिळेल. अल्लाहने निद्रेला विश्रांती म्हटले आहे. ती एकाच्या वाट्याला आणि जागरण दुसऱ्याच्या, असे का व्हावे?

अल्लाह रुग्णांना शिफा देवो आणि जागे असलेल्यांना त्यांची जबाबदारी ओळखण्याची तौफीक देवो. आमीन.