गोपन आणि समबुद्धी प्रतिपक्षी

आपल्याहून मंदबुद्धी मनुष्यापासून वस्तू लपविणे सोपे असते. परंतु प्रतिपक्षी अगदी आपल्यासारखाच विचार करणारा असेल, तर? जी जागा आपणांस सुरक्षित वाटते, ती त्यालाही प्रथम सुचते. ‘तो तेथे शोधील’ म्हणून दुसरी निवडावी, तर तीही त्याच क्रमाने त्याच्या मनात येते. अशा गोपनाला केवळ बुद्धीचा आधार पुरत नाही.

महानुभाव मार्गापुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. १४ व्या शतकात सकळ लिपी योजिली गेली. तिचे कर्तृत्व रवळोबासांकडे दिले जाते. एका अक्षरासाठी दुसरे अक्षर वा चिन्ह, हे तिचे तत्त्व. पण भाषा मराठीच राहिली. जे अक्षर भाषेत वारंवार येते, त्याचे चिन्हही वारंवार येणारच. या वाटेने गुप्तलेख उकलतो, हे अरब पंडित अल-किंदी याने ९ व्या शतकातच दाखविले होते. तरीही वि. का. राजवाडे व वि. ल. भावे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी उलगडा करीपर्यंत ही लिपी मार्गाबाहेर अज्ञातच राहिली. याचे श्रेय युक्तीपेक्षा विश्वासाला अधिक आहे. किल्ली गुरूकडून शिष्याकडे जात होती.

मग हे गोपन धर्म्य होते काय? श्रीनागदेवाचार्यांनी केशिराजांना संस्कृत रचनेपासून परावृत्त केले, ते सामान्य जन ज्ञानास मुकू नयेत म्हणून. त्याच मार्गाने पुढे लिपीचा पडदा धरावा, हा विरोध वरवरचा नाही. ग्रंथाची विटंबना टाळण्यासाठी केलेले गोपन हे रक्षण होय. अधिकारी जीवाला वंचित ठेवणारे गोपन हा दोष होय.

आणि अधिकारी कोण, हे प्रथमदर्शनी कळत नाही. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील गोदातीरीच्या डोमेग्रामी म्हाइंभट आले, ते विद्येचा अभिमान घेऊन, वाद करण्यासाठी. सर्वज्ञांनी त्यांच्यापासून काही लपविले नाही. त्यांच्याशी संवाद केला. तेच म्हाइंभट पुढे लीळाचरित्राचे कर्ते झाले. त्या दिवशी दार लागले असते, तर लीळा कोणी संकलित केल्या असत्या?

जो आपल्यासारखाच विचार करू शकतो, तोच आपले म्हणणे सर्वांत नीट समजू शकतो. म्हणून समबुद्धी प्रतिपक्षी भेटला असता साधकाने प्रथम विचारावे, तो प्रश्न ‘काय लपवू?’ हा नव्हे. ‘यास काय देऊ?’ हा होय.